मिंगसची तालीम

खर्जातला

कोल्हापुरात पेठेत वाढल्यामुळे ‘तालीम’ म्हटलं की मला आधी लाल माती दिसते आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले वस्ताद. गाण्याचीही तालीम असते हे बऱ्याच उशिरा कळलं. आणि या दोन्ही तालमी एकाच माणसाकडे, एकाच खोलीत चालायच्या, हे कळायला पन्नाशी उजाडली. तेही इथे जर्सी सिटीत, लेकीमुळे.

लेक चौदा वर्षांची. शाळेत तीन वर्षांपासून डबल बेस वाजवते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: व्हायोलिनचा आजोबा, माणसापेक्षा उंच, चार जाड तारा. जाझमध्ये बहुतेक वेळा गज बाजूला ठेवून बोटांनी खेचून वाजवतात. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पाडल्याशिवाय मावत नाही, त्यामुळे बायको मागच्या सीटवर आणि बेस माझ्या शेजारी, अशी आमची वरात निघते.

तिच्या नादानं जाझमधला बेसवादक चार्ल्स मिंगस ऐकायला लागलो. जन्म २२ एप्रिल १९२२, ॲरिझोनात मेक्सिकोच्या सीमेला चिकटलेलं नोगालेस गाव. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. आधी ट्रॉम्बोन, मग चेलो. चेलोवर हात बसला होता, पण त्या काळी काळ्या पोराला सिम्फनी ऑर्केस्ट्रात कोण उभं करणार? बडी कोलेट नावाच्या मित्रानं सांगितलं, बेस धर. धरला. रेड कॅलेंडरकडे शिकला, मग एकेकाळी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये असलेल्या हर्मन राइनशागेनकडे पाच वर्षं घासली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तो जे करणार आहे ते नोटेशन येत नव्हतं म्हणून नव्हे.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यानं ‘जाझ वर्कशॉप’ नावानं मंडळी जमवली. बरीच विशी-पंचविशीतली पोरं. नवी चीज बसवायची पद्धत अशी: कागद नाही. चीज त्याच्या डोक्यात लिहिलेली. पियानोवर बसायचा, सांगाडा वाजवून दाखवायचा, कुठे कोणती स्वरमालिका लागेल ते सांगायचा आणि प्रत्येकाचा तुकडा वाजवून नाहीतर गाऊन त्याच्या गळी उतरवायचा. त्याचं म्हणणं असं की कागद समोर ठेवला की माणूस कागद वाजवतो. सूर बरोबर येतो, पण सुराचा कल, त्याचं वाकणं, रडणं येत नाही.

३० जानेवारी १९५६ला यातली पहिली मोठी ध्वनिमुद्रिका झाली, ‘पिथेकँथ्रोपस इरेक्टस’. दोन पायांवर उभा राहिलेला पहिला माणूस, त्याची चढती कमान, गर्व, घसरण आणि नाश, असे चार भाग. त्यातल्या काही जागा किती लांबवायच्या हे ठरलेलंच नव्हतं. बेसकडून इशारा येईपर्यंत तिथेच फिरत राहायचं. पुढे कधी जायचं हे वस्तादाच्या हातात.

त्यात जॅकी मॅक्लीन आल्टो सॅक्सोफोनवर होता. वय चोवीस. चार्ली पार्कर जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि न्यूयॉर्कमधलं प्रत्येक आल्टोवालं पोर पार्करची नक्कल करत होतं. मिंगस त्याच्या मागे लागला: पार्करचं नको, तुझं वाजव. स्वतःचं म्हणजे काय, हे चोवीस वर्षांच्या पोराला कुठून माहीत असणार? पण मॅक्लीननं पुढे आयुष्यभर याचं श्रेय मिंगसला दिलं. तोच मॅक्लीन नंतर हार्टफर्डला जाऊन विद्यापीठात शिकवू लागला. तिथल्या जाझ विभागाला आज त्याचंच नाव आहे.

वादक मंडळी वर्कशॉपला आपसात ‘घामाचा कारखाना’ म्हणायची. कार्यक्रम चालू असताना मिंगस मध्येच थांबवायचा, लोकांसमोर पोराला झापायचा आणि चीज पहिल्यापासून सुरू करायचा. प्रेक्षक बोलले तर त्यांनाही झापायचा.

आता खरं कारण. उन्हाळ्यात लेक एका शिबिराला जात होती (नाव सांगत नाही). मास्तरांनी एक दिवस तिला सगळ्यांसमोर चार वेळा थांबवलं. पाचव्यांदा म्हणाले, “तू वाजवू नकोस, नुसता धरून उभी राहा.” घर येईपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही. मी बाप म्हणून शहाणपणा करायला गेलो, “अगं, मिंगससुद्धा असाच होता.” तिनं खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं, “त्यानं जिमी नेपरचा दात पाडला होता, बाबा.”

मग मीच गप्प. तुम्हा लोकांना काय वाटतं?

---

तिहाई

लेख झकास. पुण्यात तबला शिकवतो, जाझमधलं फार कळत नाही, पण एका जागी अडखळलो म्हणून लिहितोय.

मिंगसनं आत्मचरित्रात ठोक्याबद्दल काही लिहिलंय ते एका विद्यार्थ्यानं दाखवलं होतं. ठोका म्हणजे टिंब नाही, ठोक्याभोवती एक वर्तुळ कल्पा. सूर त्या वर्तुळात कुठेही टेकवा, मध्याच्या जरा आधी, जरा नंतर. प्रत्येकानं आपापल्या जागी टेकवला तरी मध्य सगळ्यांच्या मनात एकच हवा.

आपल्याकडे अख्खं आवर्तन वर्तुळ असतं. या गृहस्थानं एकेक मात्रेलाच वर्तुळ केलं! विलंबित एकतालात गवई मात्रेच्या मागे रेलतो तेव्हा तबलजीनं त्याच्याबरोबर मागे सरकायचं नसतं, नाहीतर दोघंही खड्ड्यात. हे मी दहा वर्षांच्या पोराला कागदावर कसं दाखवू? ‘धा’पुढे बाण काढू? मी तोंडानं म्हणतो, मांडीवर टाळी देतो, आणि सहा महिन्यांनी कधीतरी ते येतं. भातखंड्यांनी हजाराच्या वर बंदिशी कागदावर उतरवल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण पुस्तकातून उचललेली बंदिश गळ्यात बसायला शेवटी समोर माणूस लागतो.

---

मडगांवकर

थांबा, कागदाला एवढं झोडपू नका. कागदावर आमची पोटं भरली आहेत.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर नावानं गाऊन वाचायची विद्या) घोटून शिकवायचे. शिकवणारा मेस्त्री (तुमचा गवंडी नव्हे, संगीताचा मास्तर). माझे आजोबा तिथेच व्हायोलिन शिकले, मग मुंबईला जाऊन धोबीतलावला गावच्या कुडात (गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहिले आणि डान्स बँडमध्ये डबल बेस वाजवू लागले. हाताशी होतं काय? कागद वाचता येणं. रात्री आठला अनोळखी बँडपुढे उभं राहून अनोळखी गाणं पहिल्या फटक्यात वाजवणारा माणूस हवा असेल तर गोंयकार बोलवा, अशी ख्याती होती.

सिनेमातही तेच. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा. ती पन्नास वादकांपुढे वाजवण्याजोगी करायची तर कोणीतरी कागदावर मांडायलाच हवी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, ही सगळी मंडळी तीच. गोन्साल्विस आमच्या माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. म्हणजे शिष्य घडवायला तोंडी विद्याच लागते असं काही नाही.

आणि हो, आजोबांचा मेस्त्री चूक झाली की गजानं बोटांवर मारायचा. कागदवालेही काही संत नव्हते.

---

उन्हाळी

खर्जातला, तुमच्या लेकीच्या बाजूनं.

नेपरचा किस्सा ‘तापट स्वभाव’ म्हणून उडवून लावला जातो, म्हणून नीट लिहिते. १९६२ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये १२ ऑक्टोबरला मिंगसचा भल्या मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला होता. नेपर त्याचा वर्षानुवर्षांचा ट्रॉम्बोनवाला, शिवाय स्वरलिपी उतरवून द्यायचं काम करत होता. वेळ अपुरा, काम संपेना. आणखी काम घ्यायला नेपरनं नकार दिला आणि मिंगसनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात गेला. ट्रॉम्बोनवाल्याचा दात म्हणजे काय हे कळतंय ना? ओठ जिथे टेकवायचा ती जागाच बिघडली आणि वरचं सप्तक त्याच्या हातून गेलं. प्रकरण कोर्टात गेलं, मिंगस दोषी ठरला, शिक्षा स्थगित झाली.

यातली गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). तोंडी शिकवणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी फजिती कागदापायी झाली. एवढ्या वादकांना तोंडी बसवणं शक्य नव्हतं, कागद वेळेत तयार झाले नाहीत, आणि कार्यक्रमाच्या रात्री मंचावरच स्वरलिपीच्या प्रती उतरवणं चालू होतं. कार्यक्रम पडला.

‘मिंगसनं झापलं म्हणून मॅक्लीन घडला’ या वाक्यातला ‘म्हणून’ मला मान्य नाही. मॅक्लीनशीही त्याची हातघाई झाली होती, मॅक्लीननं चाकू काढल्याचं सांगतात. तो टिकला, मोठा झाला, म्हणून आपण त्याचं ऐकतो. जे दुसऱ्याच आठवड्यात वाद्य उचलून घरी गेले त्यांचे धागे कोण काढणार?

कुस्तीच्या तालमीतलं तुम्हालाच ठाऊक असेल. वस्ताद बेडूकउड्या काढायला लावतो, पण हौद्याबाहेर पोराला हात लावला तर पेठ ऐकून घेईल का?

---

सांबारवडा

वाचनखूण साठवली.

अवांतर: याच मिंगसनं मांजराला कमोडवर बसायला कसं शिकवावं याची पत्रिका छापली होती. खोटं नाही. आधी पुठ्ठ्याचं खोकं, मग रोज थोडं थोडं न्हाणीघराकडे सरकवायचं, घाई करायची नाही, मांजर बिचकेल असं काही करायचं नाही. एवढा धीर मांजरासाठी होता, नेपरसाठी नव्हता.

दुसरं म्हणजे मी काल रात्री मोबाईलवर ऐकायला बसलो तर बेस कुठे ऐकूच येईना. सॅक्सोफोन, ढोल, मागे कोणीतरी ओरडतंय. माझे कान गेले का?

---

खर्जातला

सांबारवडा, कान शाबूत आहेत. मोबाईलच्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. हेडफोन लावा. आणि ओरडणारा बहुतेक वेळा मिंगसच असतो.

ऐकायची एक युक्ती लेकीनं शिकवली. आधी फक्त बेसच्या मागे जायचं, बाकीच्यांकडे दुर्लक्ष. साध्या चालीत मात्रेला एक सूर, चाराच्या घरात चार पावलं. तानपुरा एका जागी न बसता चालायला लागला तर कसा वाटेल, तसं. मग लक्षात येतं की वर सॅक्सोफोनवाला तोच सूर धरून उभा आहे आणि खाली बेसवाल्यानं सूर बदलला, की वरच्या त्याच सुराचा अर्थ बदलतो. पोराला काही न बोलता ढकलता येतं, सावरता येतं, तोंडघशीही पाडता येतं. ड्रमच्या कानाशी आणि पियानोच्या पोटाशी, दोन्हीकडे एकाच वेळी असणारा हा एकटाच. बेसवाला चांगला मास्तर होऊ शकतो, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

उन्हाळी, तो ‘म्हणून’ मी मागे घेतो. पण ठोशाइतकीच खरी अशी दोन उदाहरणं त्याच तालमीतली ठेवतो.

हॉरेस पार्लन, पियानोवाला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजव्या हाताची बोटं नीट चालत नव्हती. दुसरा कोणी म्हणाला असता, बाबा रे, वेगळं काहीतरी बघ. मिंगसनं त्याला बँडमध्ये घेतला. उजव्या हाताचे थोडके, ठाशीव सूर आणि डाव्या हाताची भरीव बांधणी, यातून पार्लनचा जो वेगळाच बाज झाला तो १९५९च्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो. तिथे कोणाला त्याच्या हाताची आठवणही येत नाही.

दुसरा डॅनी रिचमंड. हा मुळात सॅक्सोफोनवाला. विशी उलटल्यावर ड्रमकडे वळला, म्हणजे आपल्या भाषेत पेटीवाल्यानं तबला धरल्यासारखं. असा नवखा ड्रमर मिंगसनं उचलला, जवळ बसवून शिकवला, आणि अधली काही वर्षं सोडली तर तो अखेरपर्यंत मिंगसबरोबर राहिला. चीज चालू असताना हे दोघं अचानक लय दुप्पट करायचे, निम्मी करायचे, पुन्हा जागेवर आणायचे, आणि खूण कुठेच दिसत नाही. तिहाई, तुम्ही ती वर्तुळाची गोष्ट काढलीत ना, ती या दोघांना एकत्र ऐकली की कळते.

---

पलीकडच्या_गल्लीतली

मी मॉन्टक्लेअरला राहते, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. कोणीच ख्रिश्चन मॅकब्राइडचं नाव कसं काढलं नाही?

तोही बेसवाला, तोही बँडचा म्होरक्या. १९७२चा जन्म, फिलाडेल्फियाचा. वडील ली स्मिथ बेसवादक, चुलत आजोबाही बेसवादक. घरातच विद्या. नवव्या वर्षी बेस गिटार, अकराव्या वर्षी डबल बेस. १९८९ला न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या संगीतशाळेत दाखल झाला आणि वर्षभरात बाहेर, कारण मोठ्या वादकांबरोबर दौऱ्यांची बोलावणी येऊ लागली. रे ब्राउनसारख्या बेसच्या भीष्माचार्यानं त्याला जवळ केलं, जॉन क्लेटनला घेऊन तिघांनी तीन बेसचा बँड काढला. विशीतलं पोर आणि दोन दिग्गज, खांद्याला खांदा लावून.

आता तो स्वतः तेच करतो. त्याची बायको मेलिसा वॉकर, गायिका. तिनं २००२मध्ये इथे ‘जाझ हाउस किड्स’ ही मुलांसाठीची संस्था काढली, तो तिचा कलादिग्दर्शक आहे. गावात जाझ महोत्सव होतो त्यात पोरांचे बँडही मोठ्यांसारखेच मंचावर चढतात. माझ्या शेजारच्यांचा मुलगा ट्रम्पेट वाजवतो, त्याची आई सांगते की तिथे कान आणि कागद दोन्ही करून घेतात.

पण मला विचाराल तर त्याचं खरं शिकवणं वर्गात नाही, बँडमध्ये आहे. पियानोवाला ख्रिश्चन सँड्स आणि ड्रमर युलिसिस ओवेन्स, दोघं तरुण असताना यानं आपल्या त्रयीत घेतले. बरोबर हिंडवले, ध्वनिमुद्रिका केली, आणि आज दोघांचे स्वतःचे बँड आहेत. मिंगसकडेही हेच होतं, नाही का? पोराला शिकवून झाल्यावर मंचावर घेत नाहीत. मंचावर घेतात, आणि मग ते शिकतं. फरक एवढाच की इथे दात शाबूत राहतात.

---

मडगांवकर

मॅकब्राइडला बरे दिवस बघायला मिळाले हेही धरा ताई. संस्था, देणग्या, महोत्सव. मिंगसला शाळा काढायची होती, न्यूयॉर्कमधल्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरच्या माळ्यावर. १९६६मध्ये भाडं थकल्याच्या कारणावरून त्याला तिथून बाहेर काढलं. बेस, कागदांचे गठ्ठे, सामान रस्त्यावर. कॅमेरेवाले तिथे होते, ते सगळं चित्रित झालंय. मी एकदा पाहिलं, पुन्हा बघवलं नाही.

पुढे १९७१मध्ये बफेलोच्या विद्यापीठानं त्याला एका सत्रासाठी रचना शिकवायला बोलावलं, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

---

उन्हाळी

घरातून काढलं हे वाईटच. काळ्या कलावंताला त्या देशानं काय दिलं यावर वेगळा धागा होईल. तरी नेपरचा दात त्या खात्यात वळता करू नका.

नेपर परत आला होता, हे मात्र नोंदवते. १९७०च्या दशकात मिंगसबरोबर पुन्हा वाजवलं आणि मिंगस गेल्यावर त्याच्या चिजा वाजवणाऱ्या बँडमध्येही होता. त्यानं माफ केलं की नुसतं संगीत आवडत होतं, हे त्याचं तो जाणे.

---

तिहाई

धागा गंगेवरून जाणार हे मला वाटलं नव्हतं, पण जातोय.

मिंगस ५ जानेवारी १९७९ला मेक्सिकोत गेला, वय छप्पन. स्नायू निकामी करणारा आजार. बोटं गेली, तेव्हा नव्या चाली गाऊन टेपवर ठेवायचा, दुसरे त्या उतरवून घ्यायचे. म्हणजे शेवटी शेवटी तोंडी विद्या आणि कागद एकत्र आले म्हणायचे. तरुणपणी फार्वेल टेलर नावाच्या चित्रकारामुळे त्याला वेदान्ताची ओढ लागली होती. त्याच्या इच्छेप्रमाणे बायको स्यू रक्षा घेऊन भारतात आली आणि तिनं त्या गंगेत सोडल्या.

आणखी एक धागा. १९५९च्या त्याच बँडमधला आल्टोवाला जॉन हँडी. १९७५मध्ये त्यानं अली अकबर खाँसाहेबांबरोबर ध्वनिमुद्रिका केली, तबल्यावर आमच्या माहीमचा झाकीर. हँडी सरोदच्या मागे मागे जातो ते ऐका. समोर कागद असता तर ते तसं आलं असतं असं वाटत नाही. (मडगांवकर, रागावू नका.)

---

मडगांवकर

रागावत नाही. खाँसाहेबांना स्टुडिओत वेळेवर कोणी आणलं? कुठेतरी कागदावर वेळ लिहिली असणारच.

---

सांबारवडा

हेडफोन लावले. अरे देवा. हा माणूस इतका वेळ खाली चालत होता आणि मी वरचंच ऐकत होतो. भाचा बारा वर्षांचा आहे, त्याला आता हेच हवंय. कोणता घ्यावा? त्याच्या उंचीला झेपेल का?

---

खर्जातला

विकत घेऊ नका, आधी भाड्यानं बघा. पूर्ण मापाचा डबल बेस फार कमी लोक वाजवतात, मोठी माणसंही पाऊण मापाचाच वापरतात. बारा वर्षांच्या पोराला अर्ध्या मापाचा पुरे. पहिल्या महिन्यात बोटांना फोड येतील, त्याची आई तुमच्यावर चिडेल.

शिबिराचं राहिलं. लेक चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाली, सोडा मला तिथे. मास्तरांशी मी बोललो, एकटाच, लेक नसताना. ते म्हणाले, तिचा सूर बरोबर आहे पण ती दर वेळी ठोक्याच्या आधी पोचते, घाबरते म्हणून. मी विचारलं, हे तिला सांगितलंत का? ते जरा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कागद मिटायला लावला आणि तिचा तुकडा आधी तोंडानं म्हणायला सांगितला. म्हणाली. मग वाजवला. ती सांगते की दोनदा थांबवलंच, पण दोन्ही वेळा कारण सांगितलं.

तिहाई, तुमची ती वर्तुळाची गोष्ट मी तिला सांगितली. तिनं विचारलंय की विलंबितात तबलजी मागे सरकत नाही, तर मग नेमकं काय धरून बसतो? मला उत्तर आलं नाही. रविवारी सकाळी तुमच्याकडे संध्याकाळ असते, तेव्हा वेळ असेल तर फोनवर तिला मांडीवर टाळी देऊन दाखवाल का?

---

तिहाई

दाखवतो की. सहाला करा फोन. बेस जवळ घेऊन बसायला सांगा.